मानेमागचा रंग

नाचणाऱ्या बाईनं किती रंग लावावा, असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारीन, उजेड कुठला आहे. मशालीच्या पिवळ्या उजेडात सफेद्याचा हात सैल सोडायचा, तोंड, गळा, मान, सगळं पांढरं. ग्यासबत्तीत हात आवरायचा. आणि दिवसा नाचायची पाळी आली तर काजळ, कुंकू, वर कोरड्या पावडरीचा एक हात, बस. दिवसाउजेडी जाड रंग लावलेलं तोंड मढ्यासारखं दिसतं. हे मला जिनं शिकवलं तिला मी आक्का म्हणायची. ती मूळची बाळापूरकडची. तिच्याकडे कुणाला आक्का म्हणत नाहीत, पण माझ्या तोंडी ते बसलं आणि मग सगळा फडच तिला आक्का म्हणू लागला.

मी वाईकडची. वडील गेले आणि तिसरीचं पुस्तक अर्ध्यात ठेवून शाळा सुटली. आईनं मला नात्यातल्या एका तमाशाच्या फडाबरोबर लावून दिलं. "पायात गुण हाय तुझ्या, उपाशी न्हाई ऱ्हायचीस," एवढंच म्हणाली. आमचा फड दिवाळी झाली की वऱ्हाडात उतरायचा. तिकडं कापूस निघालेला असायचा, माणसं तालुक्याच्या गावाला यायची, थांबायची. भुसावळ मागं पडलं तशी खिडकीबाहेरची माती काळी होत गेली. बोलणंही बदललं. गाडीत एक बाई मला म्हणाली, "काहून रडून राहिली व?" ती मायेनं विचारत होती, पण मला वाटलं, ही मला रागावतेय. मी आणखीच रडले. मला तेव्हा सगळ्याचीच धास्ती होती. ठेका चुकेल, पायातला चाळ तुटेल, तिकडं आई मरेल आणि मला कळणारसुद्धा नाही.

अकोल्यात आमचा तंबू एका जिनाच्या फाटकासमोर पडला. कापसातून सरकी काढायचा तो कारखाना. आत यंत्रं धडधडायची आणि बाहेर सगळ्या हवेत रुईचे कण. झाडांवर, दोऱ्यांवर, भाकरीवरसुद्धा पांढरी लव. मला काय ठाऊक? आमच्याकडे आधी तोंडाला खोबरेल चोळायचं आणि त्यावर सफेदा बसवायचा, असं मी शिकले होते. तसंच केलं. गवळणीला उभी राहिले. दिवेलागण नुकतीच झालेली. दोन गिरक्या झाल्या असतील, समोर कुजबुज सुरू झाली. मग एकजण ओरडला, "अबे पाह्य, पोट्टीले दाढी फुटली!" दुसरा म्हणाला, "दाढी नाही बे, सरकी नाचून राहिली!" मी गालाला हात लावला तर हाताला मऊ पुंजके. तेलावर सगळी रुई बसली होती. आमच्या सोंगाड्यानं वेळ सांभाळली. पुढं येऊन म्हणाला, "मंडळी, पीक तयार हाय, येचायला बाया कुठं मिळतील का?" लोक हसून हसून लोळले.

राहुटीत येऊन मी तोंड गुडघ्यात घातलं. आक्का शेजारी येऊन बसली.

"रडू नको. काजळ खाली येईन, मंग अजून हासतीन."

"मला घरी जायचंय."

"जाजो. आधी तोंड धू. अन् ध्यानात ठेव, वऱ्हाडात तेल कढईत घालतात, तोंडाले नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मला बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात सफेदा कालवायला शिकवलं. पातळ किती, घट्ट किती, ते बोटावरून ओघळायला लावून दाखवलं. तो रंग वाळला की तोंड ओढल्यासारखं व्हायचं, पण त्याला रुई चिकटत नसे. त्या एका शिकवणीवर मी फडात टिकले. नाहीतर मालकांनी मला भाकऱ्या थापायला बसवलं असतं किंवा परत पाठवलं असतं, आणि परत गेले असते तर आईनं काय केलं असतं, ते मला आजही सांगवत नाही.

एका दुपारी तिनं मला राहुटीत बोलावलं, पडदा लावून घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. वेणी पुढं घेतली.

"मानेमागं माहा हात पुरत नाही. तू रंगव."

मानेवर, केसांच्या खाली, हाताच्या पंजाएवढा पांढरा डाग होता. रंगाचा नव्हे, कातडीचा. कोड. कानामागून दुसरा एक निघाला होता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "भिऊ नको. झालं की हात धुवून टाकजो, मले राग नाही." आणि काम झाल्यावर तिनंच तांब्या उचलून माझ्या हातांवर पाणी ओतलं. आता डॉक्टर सांगतात की हा आजार शिवल्यानं लागत नाही. तेव्हा आम्हाला कोण सांगणार?

ती माळ्याच्या घरातली. सासरी झेंडू, शेवंतीची शेती. पहाटे ती हार करायची आणि नवरा ते विकायला न्यायचा. एकदा सासू वेणी घालत असताना तिला कानामागं पहिला ठिपका दिसला. "त्या दिवसापासून माह्या हातची फुलं देवाले चालेनात," ती म्हणाली. माहेरी पाठवलं, तर तिथं धाकट्या बहिणी. त्यांची लग्नं अडतील म्हणून तिथंही दार बंद. मग कुणीतरी ओळखीच्यानं फडात आणलं. ठिपका तेव्हा केसांत लपत होता. फडात कुणालाच माहीत नव्हतं. कळलं असतं तर एका तांब्यानं पाणी पिणाऱ्या त्या माणसांनी तिला पुढच्या स्टेशनावर उतरवलं असतं. हे तिला ठाऊक होतं, आणि त्या दुपारनंतर मलाही.

अकोल्यात ते सोपं होतं. मशालीचा उजेड आणि गळ्या-मानेसकट सगळं पांढरं. पांढऱ्याखाली पांढरं काय दिसणार? मी मागून रंग लावायची, ती विचारायची, "मागून दिसते का व?" मी म्हणायची, "न्हाई." माझं ते "न्हाई" ऐकून ती हसायची आणि चाळ बांधायला घ्यायची.

मग फड अमरावतीला गेला. तिथं मालकांनी दोन ग्यासबत्त्या आणल्या. पहिल्या तालमीला त्या पेटवल्या तर आमची तोंडं निळसर दिसू लागली, बुडून मेलेल्यासारखी. मालक कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"बाई, चुना भितीला लावत्यात, माणसाला न्हाई. उद्यापास्नं रंग फकस्त तोंडाला, त्योबी हलका. गळा, मान मोकळी पायजे. हितलं गिऱ्हाईक शिकलेलं हाय."

आक्का म्हणाली, "शिकेल लोक काय मानेवरचे केस मोजतेत का मालक?"

सगळे हसले. मालकही हसले. पण हुकूम कायम राहिला.

त्यानंतर आमचं खरं काम सुरू झालं. आता पांढरं झाकायला पांढरं चालणार नव्हतं, कातडीच्या रंगाचा रंग हवा होता. गेरू, पिवडी म्हणजे पिवळी माती, आणि चिमटीभर काजळी. आधी तिच्या खांद्याच्या सावळ्या कातडीवर ठिपका लावून बघायचा. तो तिथं दिसेनासा झाला की रंग बरोबर जमला. फार गेरू झाला तर भाजल्यासारखं दिसे, काजळी जास्त झाली तर मळ वाटे. डिंकाच्या पाण्यात कालवला तर नाचताना मान वळली की तडकायचा आणि भेगांतून पांढरं डोकवायचं. तेलातच तो कातडीसारखा बसायचा. म्हणून शेवटी तेल. वऱ्हाडात तेल तोंडाला लावू नये म्हणणारी ती, तिच्याच मानेला मी रोज तेल लावत होते. अमरावतीत आमच्या तंबूजवळ जीन नव्हतं, एवढाच आधार. तरी खेळ चालू असताना माझं लक्ष ठेक्यावर कमी आणि तिच्या मानेवर जास्त. घाम आला का, वेणी घासली का. डाग वाढतही होता. वाटीतला रंग मी रोज थोडा जास्त करत होते आणि ते ती बघत होती.

थंडी सरता सरता वलगावच्या एका पाटलांकडून बोलावणं आलं. कापसाची शेवटची वेचणी झाली की तिकडं शेतात पूजा मांडून दहीभाताचा निवद दाखवतात, सीतादही म्हणतात त्याला. त्या दिवशी शेतातच नाच हवा होता, भर दुपारी, घरच्या बायकांनाही बघता येईल असा. आक्कानं आदल्या दिवशी तापाचं निमित्त केलं. मालकांनी कपाळाला हात लावला. "आंग तर गार हाय. बाकीच्या दोघी खोकून बेजार झाल्यात, ही पोर एकली पुरायची न्हाई. तू न्हाई तर कोण नाचंल, म्या?"

बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आडोशाला उन्हात बसून मी तिची मान रंगवली. उन्हासारखा खोडसाळ उजेड दुसरा नाही. ग्यासबत्तीत जमलेला रंग तिथं ठिगळासारखा दिसत होता. मी आणखी पिवडी घातली, पुन्हा पुसला, पुन्हा लावला. शेवटी जाड थर दिला तेव्हा कडा मिटल्या.

"मागून दिसते का व?"

"न्हाई," मी म्हणाले. आणि दिसत नव्हतं.

ती त्या दिवशी जशी नाचली तशी मी तिला कधी नाचताना पाहिली नव्हती. तिच्याच मुलखातली माती, तिच्याच बोलीतल्या बायका समोर बाभळीखाली बसलेल्या, पोरं मांडीवर घेऊन. बायकांपुढं आम्ही कधी नाचत नसू. त्या मोकळ्या हसत होत्या, हात वाजवत होत्या. पण वारा सुटला होता. वेचून राहिलेल्या पऱ्हाटीच्या बोंडांतून कापूस उडत होता. मला ते दिसलं आणि माझी नजर तिच्या मानेवरून हलेना.

नाच संपला. पाटलांच्या घरातली एक वयस्क बाई कुंकवाचं ताट घेऊन उठली. आक्काच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती गोड नाचली व माय! अन् हे पाह्य, मानेले किती कापूस लागला. थांब, थांब." आणि तिनं आपल्या पदरानं पुसलं. आईनं लेकराचं पुसावं तसं.

आक्का वळायच्या आत ते झालं होतं. बाईनं पदराकडं पाहिलं, तिला माती वाटली असावी. तिनं पुन्हा एकदा पुसलं. मग तिचा हात थांबला.

"हे काय व?"

मागची एकजण वाकून बघत म्हणाली, "कोड हाय, मावशी."

ती बाई वाईट नव्हती. ओरडली नाही, शिवी दिली नाही. तिनं फक्त कुंकवाचं ताट खाली जमिनीवर ठेवलं, पदराचं ते टोक अंगापासून लांब धरलं आणि म्हणाली, "घे माय. तूच लावून घे."

आक्कानं खाली वाकून कुंकू लावून घेतलं.

परतीला सगळी मंडळी पुढच्या बंडीत बसली. मागच्या बंडीत कनाती, पेट्या आणि आक्का. मी तिच्या शेजारी चढले.

"उतर. तुलेही काढतीन."

मी उतरले नाही. वाटेत तिनं एकदाच तोंड उघडलं. "मावशीनं मायेनं पुसलं व. तिले काय माहीत." मी तिच्या मानेकडं बघत होते. अर्धी रंगवलेली, अर्धी पांढरी.

सकाळी मालक राहुटीच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"बाई, म्या ठिवली असती तुला. पर बाकीच्या ऐकंनात."

"मले समजते, मालक. एक द्या मले. थे सफेद्याची वाटी."

मालकांनी वाटी दारातच ठेवली आणि गेले.

ती आरशापुढं बसली. ऊन चांगलं वर आलं होतं. तिनं डिंकाचं पाणी केलं आणि तोंडाला रंग लावायला घेतला, अकोल्याच्या मशालीसाठी लावायची तसा, जाड. तोंड, गळा, कोपरापर्यंत हात, बोटं. मग माझ्याकडे पाठ केली आणि वेणी पुढं घेतली.

"गेरू किती घालू?" मी विचारलं.

"काहीच नको घालू. सगळंच पांढरं करून टाक."

"आक्का, दिवस हाय. लोक हसतील."

"हासू दे. रंगवेल बाईले पाहून लोक हासतेत. कोडवाल्या बाईले पाहून बाजूले सरतेत. स्टेशनापर्यंत मले हासणं चालते."

"कुठं जाशील?"

"जिथं अजून मशाली असतीन तिथं. लहान फड लय हायेत, पोट्टी."

मी लावत राहिले. कानामागंही, सावकाश. झाल्यावर मी तांब्या उचलला आणि या वेळी मीच तिच्या हातांवर पाणी घालायला गेले, तर ती हसली. "धुवून कसं चालीन? रंग जाईन ना." तिनं गाठोडं उचललं. दारात थांबली.

"मागून दिसते का व?"

"न्हाई."

ती रस्त्याला लागली. पानवाल्यापाशी कुणीतरी ओरडलं, "अबे, आज दिवसाच तमाशा निघाला!" आणि हशा झाला. ती चालत राहिली. समोरून कापसाच्या बंड्या बाजाराकडं चालल्या होत्या, ठेचून भरलेल्या, वरून रुई उडत होती. त्या तिच्या अगदी शेजारून गेल्या. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तिची मान दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. त्या मानेवर रुईचा एक कणही चिकटला नाही.