धूरपट्टीचा पैसा

परवा परभणीत एका विद्वानाचं व्याख्यान ऐकायला गेले आणि डोकं फिरवून घेऊन परत आले. विषय होता कार्बन कर. कोळसा, डिझेल, जे जाळलं की धूर होतो त्यावर सरकारनं कर लावायचा आणि आलेल्या पैशातून लोकांना स्वच्छ वस्तू घ्यायला अनुदान द्यायचं. सौर पंप घ्या, विजेवरची गाडी घ्या. मी उठून विचारलं, "ज्याची गाडी घ्यायची ऐपतच नाही, त्याला काय?" तर तो गोड हसून म्हणाला, "ताई, फायदा हळूहळू खालपर्यंत झिरपतोच." झिरपतो म्हणे! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय कळणार खाली काय झिरपतं ते. मी खालीच होते. मला ठाऊक आहे.

पेडगाव आणि मानवतच्या मधलं आमचं गाव. विद्यापीठाच्या नामांतराच्या नुसत्या उच्चारानं माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची ती वर्षं. मी बौद्धवाड्यात नवी सून म्हणून आले होते. नवरा मानवतच्या मोंढ्यात हमाली करायचा आणि त्याची कमाई ज्वारी-मिरचीतच संपायची. मला डी.एड.ला परभणीत प्रवेश मिळाला तेव्हा तो म्हणाला, "पैसा कुठून आणू?" सासू म्हणाली, "तू नको आणू. मी हाय." सासूला मी आत्या म्हणायची. बोलायला अशी फटकळ की वाड्यातली भांडखोर कुत्री तिच्या दारावरून जाताना शेपूट घालायची.

आत्याचा धंदा गोवऱ्यांचा. पाटलांच्या आणि इतर बड्या घरांचे गोठे ती पहाटे झाडायची आणि बदल्यात शेण न्यायची. आमच्या हाताचं पाणी त्या घरांना चालत नव्हतं, पण गोठ्यातलं शेण उचलायला हात आमचेच लागायचे. शिवाय गुरं रानात निघाली की वाटेवर पडेल ते शेण. त्याचा एक रिवाज होता. जी बाई शेणाचा पो पहिल्यांदा बघेल तिनं त्यावर काडी खोचायची. मग ती पाटी घेऊन दुपारी आली तरी दुसरी कुणी हात लावायची नाही. उभ्या गावात न लिहिलेला आणि तरीही पाळला जाणारा तेवढाच एक कायदा असेल. थापलेल्या गोवऱ्या आत्या मानवतला व्यापाऱ्यांच्या घरी नेऊन विकायची. न्हाणीचं पाणी तापवायला त्यांना लागायच्या. माझी फी, परभणीतल्या खोलीचं भाडं, वह्या, सगळं त्या गोवऱ्यांतून निघायचं. शेण बंद झालं असतं तर माझं शिक्षण बंद, इतका सरळ हिशेब होता.

आमच्या वस्तीच्या पश्चिमेला परभणीच्या एका मालकाच्या वीटभट्ट्या होत्या. मजूर बाहेरगावचे, माती गावाची आणि धूर आमचा. उन्हाळ्यात वारा सुटला की भाकरीवर काजळी बसायची, लेकरं रात्रभर खोकायची. जयंतीच्या आदल्या दिवशी आत्यानं आपलं पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलं. वर्षातून एकदोनदाच नेसायचं, जिवापाड जपलेलं. संध्याकाळी बघते तर त्यावर काळे ओघळ. आत्यानं ते लुगडं उचललं ते थेट पंचायतीत नेलं आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर पसरलं.

"भाऊसाहेब, हे नेसून दावा."

ग्रामसेवक नवा होता, शिकलेला, मनानं वाईट नव्हता. त्यानं डोकं चालवलं. भट्ट्या बंद करता येणार नाहीत, पण प्रत्येक भट्टीवर पंचायत पट्टी लावू शकते म्हणाला. धूर करतो तो पैसे भरेल, मग धूरही जपून करेल. आत्याला हे एकदम पटलं. वाड्यातल्या वीस-पंचवीस बाया घेऊन ती ग्रामसभेत जाऊन बसली आणि ठराव होईपर्यंत उठली नाही. सरपंच म्हणजे गावचा पाटीलच. त्यानं एका शब्दानं विरोध केला नाही. तेव्हाच आमच्या ध्यानात यायला हवं होतं. आम्ही मात्र हरखून गेलो. लोक त्या पट्टीला धूरपट्टी म्हणायला लागले, आणि आत्याला वाटेत कुणी दिसलं की ती मान वर करून चालायची.

वर्षभरानं पट्टीचा पैसा जमला आणि पाटलानं त्याचं काय केलं? गोबरगॅस बांधले! पंचायत समितीचं अनुदान होतंच. घरमालकानं स्वतःचा जो वाटा भरायचा तो धूरपट्टीतून भरला. गोबरगॅसला चार-पाच जनावरं दावणीला लागतात, म्हणजे बांधले कुणाकडे? ज्यांच्याकडे जनावरं त्यांच्याकडे. पाटलाच्या वाड्यात पहिला, त्याच्या भावकीत पुढचे. उद्घाटनाला तहसीलचे लोक आले, निळ्या जाळावर चहा झाला, फोटो निघाले. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात ते हेच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी आम्ही शिव्या देऊन गप बसलो असतो. पण त्या टाकीला रोज पाट्या पाट्या शेण लागतं. दुसऱ्या दिवशी आत्या गोठ्यात गेली तर पाटलीणबाई दारातच उभ्या.

"आता नको येत जाऊस. शेण आमालाच लागतंय."

"आन् गोठा?"

"गडी झाडंल की."

आत्या वळली. म्हणाली, वाटेवरचं तर हाय. चार दिवसांनी वाटेवरचंही गेलं. गुराख्यांच्या डोक्यावर पाट्या दिल्या होत्या. आत्यानं सकाळी काड्या खोचून ठेवलेल्या जागी दुपारी नुसते ओले डाग होते आणि काड्या बाजूला फेकलेल्या. ती त्या वाटेवर मटकन बसली. आत्याला तशी बसलेली मी कधी बघितली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पुढची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. आत्या उभी राहिली. मी सुट्टीला आले होते, तिच्या शेजारी उभी राहिले.

"भाऊसाहेब, धूरपट्टी कुणाच्या लुगड्यापायी बसली?"

ग्रामसेवक खाली बघत म्हणाला, "मावशी, तत्त्व चुकीचं नाही. पैसा धुराचा आहे, तो धूर कमी करायलाच वापरला. त्या घरांतल्या चुली बंद झाल्या."

"मंग माझ्या चुलीचा धूर धूर न्हाई का?"

"तुमच्याकडे जनावर नाही ना. नियमात बसत नाही."

"जनावर असतं तर मी दुसऱ्याचं शेण काढाया कशाला गेले असते?"

लोक हसले. तत्त्व म्हणे! भरलेल्या ताटात आणखी वाढायचं आणि रिकाम्या ताटाला नियम सांगायचा, हे कसलं तत्त्व? ग्रामसेवकाचा मला पाटलापेक्षा जास्त राग आला. पाटील लबाड होता, त्याला ठाऊक होतं. हा मात्र मनापासून बोलत होता.

आत्या म्हणाली, "माझं सरळ हाय. हवा कुणाच्या बापाची न्हाई, समद्या गावाची हाय. तिच्यात घाण करायचा पैसा आला, तर तो घराघराला सारखा वाटा. पाटलाला जेवढा, तेवढाच मला. मला गोबरगॅस नको न् फोटो नको. माझ्या पैशाचं काय करायचं ते मी बघीन."

"आणि ज्यांच्या भाकरीवर काजळी पडते त्यांना थोडा जास्त द्या," मी म्हणाले.

पाटील हसला. "रोख वाटला तर दोन दिवसांत गुत्त्यावर जाईल समदा."

"पाटील," आत्या म्हणाली, "भट्टीवाल्याकडनं पट्टी घेताना त्याला इचारलं का, उरलेल्या पैशाची किती पेतोस म्हणून?"

आता मात्र मागची तरणी पोरं खो खो हसली. पाटलाचा चेहरा लालबुंद झाला. तो उठून उभाच राहिला.

"विद्यापीठाला नाव पायजे, चुलीला आमचं शेण पायजे, आन् आता वर पैसाबी पायजे! लय चढलेत. उतरवाया वेळ लागत न्हाई, ध्यानात ठिवा."

इकडच्या-तिकडच्या गावांत वस्त्या पेटलेल्या सगळ्यांना ठाऊक होत्या. एका वाक्यात पाटलानं शेणाचं भांडण नामांतराशी नेऊन जोडलं, आणि मग कसला ठराव अन् कसला वाटा. आमच्याच वाड्यातली जाणती माणसं उठली, आत्याच्या दंडाला धरून म्हणाली, "चल वहिनी, घरी चल." मला त्यांचाही संताप आला. पण लेकराबाळांसकट त्यांना तिथंच राहायचं होतं. मी चार दिवसांनी परभणीला जाणार होते. हे कळत होतं म्हणून तर आणखी चीड येत होती.

घरी आल्यावर मी म्हणाले, "आत्या, पुढच्या वर्षी मी नाही जात. राहू दे."

"थोबाड फोडीन," आत्या म्हणाली. "शेण गेलं, माझे हात न्हाई गेले."

आणि ती त्याच वीटभट्टीवर कामाला गेली. दुसरं काम होतं कुठं? गोठे बंद, पाटलाचा शब्द मोडून शेतावर कुणी बोलवेना. भट्टीवर एक जोडपं उचल घेऊन पळालेलं, मुकादमाला माणूस हवंच होतं. मुकादम नवा, लांबच्या तालुक्यातला, गावातलं कुणाला ओळखत नव्हता. आत्या डोक्यावरून कच्च्या विटा वाहायची, भट्टीच्या तोंडात कापसाच्या पऱ्हाट्या कोंबायची. जो धूर थांबवायला ती लुगडं घेऊन पंचायतीत गेली, तोच धूर ती आता हातानं करत होती आणि त्यावर मी परभणीत बालमानसशास्त्र शिकत होते.

फीची तारीख जवळ आली म्हणून मी गावी आले आणि तिच्या पहिल्या पगाराच्या संध्याकाळी तिच्याबरोबर भट्टीवर गेले. मजुरांची रांग होती. मुकादमानं आत्याच्या हातावर पैसे ठेवले. आत्यानं बघितलं आणि हात तसाच पुढं धरला.

"कमी हायेत."

"धूरपट्टी कापली."

"आँ?"

"पंचायत मालकाकडनं घेती, मालक तुमच्याकडनं. समद्यांचीच कापतोय, पहिल्यापासनं." मागच्या बायांनी माना डोलावल्या. "माझ्यावर काय डोळे काढतीस? ह्याच गावच्या कुण्या म्हातारीनं बसवून घेतली म्हणं. शिव्या द्यायच्या तर तिला दे."

मी बोलायला गेले तर आत्यानं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

"देते की," ती म्हणाली.

आणि तिनं सुरुवात केली. त्या म्हातारीचं वाटोळं होवो, तिच्या जिभेला किडे पडोत, कुणी सांगितलं होतं रांडेला शहाणपणा करायला, गोरगरिबाच्या ताटातला घास काढला, मेली मरत कशी न्हाई. रांगेतल्या बाया हसायला लागल्या, कुणी टाळी दिली, कुणी आपल्याही दोन शिव्या त्यात घातल्या. शेवटी शेवटी आत्याचा आवाज फुटला, खोकला आला, तरी ती थांबली नाही.