खुर्चीतला खलनायक

दोघांनी काखेत हात घालून मला चाकाच्या खुर्चीतून उचललं आणि सतरंजीवर ठेवलं. पोतं ठेवतात तसं. तिसऱ्यानं माझी खुर्ची ढकलत पार भिंतीला नेऊन लावली.

दादा हातातले फासे खुळखुळवत म्हणाला, "बघा. खुर्ची गेली की संपला. आता ह्यो काय करंल?"

सगळे हसले. मीही हसलो. मला अजून राग येतो तो माझ्याच हसण्याचा.

गेवराईत हायवेला आमचं गॅरेज आहे. अब्बा गाड्या दुरुस्त करतात, मी नंबर प्लेटा रंगवतो. माझे पाय जन्मापासून चालत नाहीत. दादा म्हणजे इथल्या पुढाऱ्याचा मुलगा. पुण्याला शिकून आला आणि येताना हा खेळ घेऊन आला. राजे, राक्षस, जादू. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं गोष्ट चालवायची, मारामारी फाशांवर ठरायची. गोष्ट कायम दादाच चालवायचा. दर रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये सात-आठ जण जमायचे. मी कडेला बसून त्यांच्या पात्रांची चित्रं काढून द्यायचो. तू पण खेळ, असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

मग एकदा दादा म्हणाला, "आपल्याला खलनायक पाहिजे. खुर्चीवाला, तुझ्यासारखा. तूच बनव. लई भारी वाटंल."

मी हरखलो. खोटं कशाला बोलू? तीन आठवडे मला दुसरं काही सुचलं नाही. नदीचं पाणी अडवून बसलेला एक सरदार मी काढला. ज्या गावाला पाणी हवं, त्यानं आपली पोरं त्याच्या फौजेत द्यायची. हुशार, हावरट, गोडबोल्या. खुर्चीला ट्रॅक्टरसारखी मोठी चाकं, वाळूत न रुतणारी. बेअरिंग कुठं बसेल ते अब्बांनी हातातलं काम टाकून दाखवलं. सरदाराचे पाय जन्मापासूनच चालत नव्हते आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

दादानं कागद वाचला. पाण्याची सगळी गोष्ट खोडली. वर लिहिलं, 'पाय गेले म्हणून जगावर सूड.' खाली नियम लिहिला, 'खुर्ची उलटली की ताकद शून्य.'

"पाणी कावून खोडलं?" मी विचारलं.

"लोकायला कळाय पाहिजे ना, ह्यो असा वाईट कावून झाला ते."

मी मान डोलावली. त्यांचा हॉल, त्यांचा चहा. त्याच दुपारी खेळात नायकानं माझ्या सरदाराची खुर्ची उलटवली. ते खरंच कसं दिसतं, हे बघायला त्यांनी मला खाली ठेवलं.

खाली बसल्यावर मला काहीच वाटलं नाही. सतरंजीवर शेव सांडली होती, तिच्याकडे बघत राहिलो. मी रोज जमिनीवरून खुर्चीत चढतो. आंघोळ झाली की, प्लेटा रंगवून झाल्या की. ब्रेक लावायचा, सीट धरायची, अंग वर ओढायचं. इतक्या रविवारांत हे त्यांच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं. नियम मात्र लिहून मोकळे.

एक जण हात पुढे करत आला. "चल, झालं. उचलतो तुला."

"हात लावू नको."

मी कोपरांवर सरपटत भिंतीपर्यंत गेलो. शर्ट वर सरकला, पाठ उघडी पडली. पडू दिली. ब्रेक लावला, सीट धरली, चढलो. खुर्ची फिरवून परत टेबलाशी आलो.

"दादा, झाली का ताकद शून्य?"

"आरं, खेळ हाय बे. लगीच मनावर घेतो."

"उचलायच्या आधी मला इचारलं का?"

तो फासे गोळा करायला लागला. मी माझा कागद घेतला आणि निघालो.

घरी सगळे म्हणाले, सरदाराला खलनायक तरी कशाला करतोस, नायक कर. नाही करणार. माझा सरदार पाणी अडवणार, पोरं पळवणार, माणसं मारणार. स्वतःच्या हावरटपणानं वाईट राहणार. येत्या रविवारी आमच्या गॅरेजात खेळ मांडतोय, आणि गोष्ट मी चालवणार. दादाला यायचं तर यावं. नियम मी मोठ्या अक्षरात रंगवून भिंतीवर लावलाय: विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही. खेळात नाही, खेळाबाहेर नाही. जो लावेल त्याचा हात मी झटकणार, मग तो कुणाचाही मुलगा असो.