कोरडा फिल्टर

ती गाडी आमच्या गल्लीत कधी नीट मावलीच नाही. सातपाटीत घरं एकमेकांना खेटून उभी. समोरून मासळीची हातगाडी आली तरी कुणाला तरी मागं सरावं लागतं. तिथं माझ्या बाबांनी एका दलालाकडून आठ सिलिंडरची, दोन टर्बोची, जुनी विलायती एसयूव्ही आणून उभी केली. अख्खं गाव हसलं. मी तोंडावर हसले नाही, कारण बाबांनी आपली मासेमारीची बोट विकून ही गाडी का घेतली ते मला ठाऊक होतं. बाबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि समुद्रावर पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मग काय वट्यावर बसून कावळं मोजू?" असं म्हणून ते मुंबईला गेले आणि ही गाडी घेऊन आले. त्यांना घरात एक इंजिन हवं होतं. बाकी सगळं निमित्त.

मी बोईसरला एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. पाइपातून किती वायू, किती पाणी वाहतंय ते मोजणारी यंत्रं उघडायची, साफ करायची, परत बसवायची, हे माझं काम. मी दुसरी पाळी मागून घेतली होती, म्हणजे सकाळी बाबांना डायलिसिसला नेता यायचं. पालघर-बोईसरला मशीनवर जागा मिळाली नाही, म्हणून आम्ही पार हायवेपलीकडच्या एका छोट्या दवाखान्यात जायचो. सातपाटीहून पालघर, मग वाघोबाची खिंड, मासवण, मनोर. गाडी मी चालवायची, बाबा मागच्या सीटवर आणि बाजूला आईनं दिलेला डबा.

गेल्या होळीच्या सुमारास गाडीनं नखरे सुरू केले. इंजिनचा पिवळा दिवा लागला. रेल्वे फाटकाशी थांबलं की थरथरायची, खिंडीच्या चढावर मान टाकायची. पालघरच्या मेकॅनिकनं बोनेट उघडलं, आत बघितलं आणि हळूच परत बंद केलं. "ताई, हिला मुंबईला न्या. आमच्याच्यानं नाय व्हायचं." मी मोबाइलला जोडायचं, गाडीतले बिघाड वाचणारं एक रीडर मागवलं आणि आकडे बघितले. दोन्ही एअरफ्लो सेन्सर इंजिनात येणारी हवा कमी दाखवत होते.

त्या इंजिनाला हवा दोन बाजूंनी जाते आणि दोन्ही नळ्यांत एकेक सेन्सर असतो. आत केसाएवढी तार, ती सतत तापवलेली. वरून हवा गेली की निवते. किती निवली त्यावरून हवा किती आली ते गाडीला कळतं आणि तेवढंच पेट्रोल ती सोडते. तार मळली की सगळं गणित चुकतं. असली उपकरणं मी रोज हाताळते, त्यामुळे मला मेकॅनिकचं हसू आलं. मुंबईहून दोन नवे सेन्सर मागवले आणि रविवारी सकाळी अंगणात बोनेट उघडलं. आईनं आधी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील पलीकडे हलवले, तेल उडेल म्हणून.

बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. डायलिसिसच्या सुया टोचून त्यांचा डावा हात गाठीगाठीचा झाला होता; तो मांडीवर ठेवून उजवा तळवा त्यांनी पुढे केला. मी काढलेला एकेक स्क्रू त्यांच्या तळव्यात ठेवत होते. "याचा हा, त्याचा तो," ते पुटपुटायचे. प्लग सोडवला, दोन स्क्रू काढले, सेन्सर अलगद वर आला. तारेवर तपकिरी, चिकट थर होता. जुनी गाडी, टर्बोचं तेल मागं येत असेल, असं मी ठरवून टाकलं. नवे बसवले, गाडीत नोंदलेले बिघाडाचे जुने कोड पुसले. हवेच्या फिल्टरचा डबा हातभर अंतरावर होता, तो मी उघडला नाही. कारखान्यात कुणी पाइपची लाइन न तपासता नुसतं उपकरण बदललं असतं तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती.

गाडी सुरू केली तर आवाज एकदम मऊ. बाबा उठून बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. "आता कसा बोलते बग," म्हणाले. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना असं खुशीत पाहिलं नव्हतं. मलाही फार बरं वाटलं, उगाच कशाला खोटं सांगू.

तीन आठवडेही टिकलं नाही. मधे रविवार पडला की बाबांच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साठायचं, पाय सुजायचे, आडवं झालं की धाप लागायची. अशाच एका सोमवारी खिंडीत, ऐन चढावर, गाडी बंद पडली. मागं ट्रकांची रांग, हॉर्न, कठड्यावर माकडं. चावी फिरवली की इंजिन घरघरायचं आणि बसायचं. बाबा मागच्या सीटवर ताठ बसून तोंडानं श्वास घेत होते. शेवटी एका टेंपोवाल्याला दया आली, त्यानं आम्हाला पुढे बसवलं. दवाखान्यात पोचलो तोवर आमची वेळ उलटून गेली होती. मशीनवर दुसरा पेशंट. तीन तास बाकावर काढले आणि मग जेमतेम अर्धं डायलिसिस झालं. सिस्टर मला म्हणाली, "असा उशीर यांना परवडणार नाही, कळतंय ना?" मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून अंगणात आणली आणि या वेळी मी फिल्टरचा डबा उघडला. आतला कागदी फिल्टर तेलानं निथळत होता. बोट लावलं तर बोटावरून थेंब घरंगळला.

"बाबा, याला तेल कोणी लावलां?"

"मीच. दर भांगाला लावतो." ते सहज म्हणाले. भांग म्हणजे भरतीओहोटीला जोर नसतो ते दिवस. तेव्हा आमच्या बोटी किनाऱ्याला असतात, आणि त्याच दिवसांत बोटीचा प्रमुख तांडेल इंजिनाची निगा राखतो. "बोटीच्या फिल्टरला वाटीभर तेल नाय घालत आपण? खारं त्यातच अडकतं. खाऱ्या हवेत कोरडां ठेवलां तर इंजिन जाल की."

चाळीस वर्षं त्यांनी असंच इंजिन सांभाळलं होतं. बोटीच्या इंजिनाचा फिल्टर तेलाचाच असतो, त्यात चूक काहीच नव्हती. पण हा कागदाचा होता आणि तो कोरडाच लागतो. त्याच्यावरचं तेल हवेबरोबर उडून तारेवर बसत होतं. मी गेली कितीएक वर्षं हेच शिकले, हेच करते. हे त्यांना समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. मी ओरडले. आदल्या दिवशीची खिंड, सिस्टरचं बोलणं, माझी स्वतःची न तपासलेली लाइन, सगळं त्यांच्यावर काढलं.

"तुजा हात लागला की वाट लागते! काल मेला असतास तू रस्त्यात! आता या गाडीला हात लावायचा नाय. बोट पण लावायचां नाय, सांगून ठेवते!"

आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात, पण असं कुणी बोलत नाही. आई ओट्यावरून म्हणाली, "बापाला असां बोलतात?"  बाबांनी तेलकट हात लेंग्याला पुसला आणि आत गेले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा दोन सेन्सर बसवले आणि कोरडा फिल्टर घातला. खुर्ची रिकामी होती. स्क्रू मी एका वाटीत ठेवले. हाक मारावी असं दोनदा मनात आलं, पण मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला आणखीच राग येतो.

त्यानंतर बाबांनी गाडीला खरंच हात लावला नाही. दवाखान्यात निघताना ते दाराशी येऊन उभे राहायचे, हात बाजूला सोडून. मी वळसा घालून जायचे, दार उघडायचे, ते बसायचे, मी दार लावायचे. उतरतानाही तेच. दाराची कडी ओढायची नाही, काच खाली करायची नाही. पहिले काही दिवस मी म्हटलं, रुसू दे. मग त्याची सवय झाली. "बाबा, उघड की दार," एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. ते चार शब्द मी रोज उद्यावर ढकलले. गाडी मात्र सुरेख चालत होती.

मे महिन्यात, अशाच एका सोमवारी, मी गाडी सुरू करून एसी लावला. आत गार होऊ दे म्हणून बाबांना म्हटलं, "हो पुढे, फाइल घेऊन आलेच." फाइल सापडेना. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, तिथं एक मीटर बंद पडला होता, तो कसा जोडायचा ते मी फोनवर सांगत बसले. दहाबारा मिनिटं गेली असतील.

बाहेर आले तर बाबा मागच्या चाकाला टेकून उन्हात खाली बसले होते. शर्ट घामानं चिंब, ओठ निळे. आईनं आणि मी त्यांना उचलून आत घातलं. मनोरपर्यंत जायचा प्रश्नच नव्हता. पालघरच्या दवाखान्यात नेलं, गाडी वाटेत एकदाही अडखळली नाही. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली.

मग मृत्यूचे कागद भरताना त्यांनी कसं झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "गाडी सुरू होती, एसी चालू होता, दाराला कुलूप नव्हतं. मग ते आत का नाही बसले?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माहीत नाही."