पिठावरचं पाऊल

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या घरी जेवायला येणार नाही आणि वाढताना माझ्या हाताकडे बघत बसणार नाही. गोष्ट हाताचीच आहे. उजव्या हाताच्या मुठीची.

पण आधी भीतीचं सांगायला हवं — नाहीतर तुम्हाला वाटेल, बाई नुसतीच खोटारडी होती.

मला मरणाची भीती वाटते. तुम्ही म्हणाल, कुणाला वाटत नाही? तशी नव्हे हो. लोकांची भीती मयताला जाते आणि घरी येऊन आंघोळ केली की उतरते. माझी उतरत नाही, आणि ती येते तीही भर उजेडात. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात बांगडे निवडताना, शाळेत तिसरीच्या मुलांना बेरजा घालून देताना एकदम वाटतं, एक दिवस हे सगळं असेल आणि मी नसेन. नसेन म्हणजे कुठे असेन? तळवे ओले होतात. अशा वेळी मी मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणते. सतराचाच, कारण तो मला नीट येत नाही आणि अडखळण्यात वेळ जातो. शिक्षिकेने हेही कबूल करू नये खरं तर.

लग्न होऊन मी हळर्णला आले तेव्हा ही भीती ट्रंकेतल्या साड्यांबरोबर आली. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. सासूला आम्ही मांय म्हणायचो. आबा कमी बोलायचे. पडवीत आले की दाराच्या चौकटीला तळवा टेकून क्षणभर उभे राहायचे, मग आत यायचे. मांय त्यांचं नाव कधी घेत नसे. तिच्या पिढीतल्या बायका घेतच नसत. ‘ऐकलं का’ एवढ्यावर तिने चाळीस वर्षं संसार केला.

गोवा घटकराज्य व्हायच्या आदल्या वर्षी, थंडीच्या दिवसांत आबा गेले. भाषेचं आंदोलन तेव्हा पेटलं होतं. रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकलेली, बसगाड्या बंद. गावात मराठी की कोंकणी यावरून चुलत्या-पुतण्यांचं बोलणं तुटलेलं. आमच्या घरात मात्र दहा दिवस कुणीच कुठल्याच भाषेत फारसं बोललं नाही.

आता आमच्याकडची रीत सांगते. माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. दहाव्या संध्याकाळी त्याच जागी तांदळाचं पीठ चाळून गोल, सपाट पसरतात आणि वर टोपली झाकतात. मग त्या खोलीत कुणी जायचं नाही. अकराव्या दिवशी पहाटे टोपली उचलायची. पिठावर ठसा उमटलेला असतो — गाईचा खूर, पाखराचा पाय, सापाची रेघ. जो ठसा, तो त्या माणसाचा पुढचा जन्म. टोपली उचलायचा मान घरच्या लेकीचा. आमची लेक, म्हणजे माझी नणंद, मुळगावला दिलेली. रस्ते बंद, तिला येता येईना. नवरा भटजींबरोबर नदीवर गेलेला. घरात मांय आणि मी.

मांय खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पदराने डोळे झाकून म्हणाली, “तूंच उकल गो. माजे हात थरथरतत.”

मी आत गेले. बाहेर पोदेराचा भोंगा वाजत होता. कुणी गेलं तरी त्याच्या पावांची वेळ चुकत नाही. मी टोपली उचलली.

काही नव्हतं.

मुंगीची रेघसुद्धा नव्हती. दिव्याच्या उजेडात ते पीठ इतकं सपाट, इतकं पांढरं दिसत होतं की मला धाप लागली. जे मी बाजारात, शाळेत, भांडी घासताना नुसतं कल्पनेत बघत होते, ते तिथे समोर पसरलेलं होतं. म्हणजे पुढे हेच? आबा चौकटीला हात टेकून उभे राहायचे, आणि आता हे? सतराचा पाढा सतरा दुणे चौतीसच्या पुढे जाईना. आणखी एक गोष्ट होती — माझा महिना चुकला होता. अशा बाईने त्या खोलीत पाऊलही टाकू नये, म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. आत एक येणारा जीव, समोर एक गेलेला, आणि मधे ते कोरं पीठ.

मी मूठ वळली आणि करंगळीच्या बाजूने पिठावर दाबली. मग बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके दिले.

अष्टमीला बाळकृष्णाची पावलं आपण अशीच काढतो ना? दर वर्षी उंबऱ्यापासून देवापर्यंत. माझ्या हाताला तेवढंच पाऊल येत होतं. गाईचा खूर काढला असता तरी चाललं असतं, पण तो काढता येत नव्हता. आणि पावलं नेहमी घरात येणारी काढायची सवय, म्हणून बोटं आतल्या बाजूला झाली. मी मुद्दाम ठरवून काही केलं नाही — असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. पण मूठ आपोआप वळत नाही.

हात झटकून मी मांयला हाक मारली. ती आली, वाकली. मग जमिनीला कपाळ टेकवून म्हणाली, “पाय भितर वळल्यात. ते घरातच येतले.”

तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कुठल्या माणसाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. देवळात सुद्धा नाही. दहा दिवसांत सुकलेली बाई, आणि आतून कुणी दिवा वर केल्यासारखी उजळली. मी घाबरले. मला तिला एका सकाळपुरता धीर द्यायचा होता. किंवा मला स्वतःला. हे एवढं मोठं काही होईल असं कुठे वाटलं होतं?

गाव बघायला आला. चार दिवसांनी नणंद पोचली आणि आपला मान हुकला म्हणून रडली. पुढल्या महिन्यात माझी बातमी फुटली, आणि मग कुणाला काही विचारायचं उरलंच नाही.

श्रावणात मुलगी झाली. दीप्ती. मला वाटलं, सुटले — आता मांयचा समज गळून पडेल. मांयने पोरीकडे पाहिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, जिवाला कसली आलीय बाई आणि पुरुष.

सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटायची. दोन वर्षांच्या पोरीच्या ताटात माशाचं डोकं पडायचं, कारण ते आबांचं. नारळ कधी पाडायचे, शेत कुणाला कसायला द्यायचं, मांय सगळं तिला विचारायची. चार वर्षांच्या दीप्तीने म्हैस नको म्हटलं, तर आमच्या घरी म्हैस आली नाही. नवरा हसायचा, म्हणायचा, घरात माझ्यापेक्षा हिचं चालतं. मीही हसायचे. काय करणार होते?

मांयने तिला नावाने कधी हाक मारली नाही. ‘ऐकलं का’ म्हणायची — फ्रॉक घातलेल्या पोरीला. आणि मांडीवर कधी घेतलं नाही. एकदाही नाही. नवऱ्याला कुणी मांडीवर घेतं का? दीप्ती दोन्ही हात पुढे करून यायची आणि मांय अदबीने उठून बाजूला व्हायची. शेजारच्या आज्या नातवंडांच्या उवा काढायच्या, त्यांना थोपटायच्या, धपाटे घालायच्या. माझ्या पोरीला धपाटासुद्धा मिळाला नाही. सहा वर्षांची असताना तिला ताप आला. दुपारभर मांय तिच्या पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती. पोर कण्हत होती, आजीकडे सरकत होती, आणि आजी तेवढीच मागे सरकत होती. शेवटी दीप्तीने पाय पोटाशी ओढून घेतले. मांय उठून गेल्यावर तिने मला विचारलं, “आजी माका मांडयेर कित्याक घेना?”

मला कारण माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात.

का नाही सांगितलं? खरं सांगू — मला त्या खोट्याची गरज लागायला लागली होती. मांयला मरणाची भीती उरली नव्हती. पाऊस कधी येणार हे बोलावं तसं ती आपल्या जाण्याविषयी बोलायची. तिच्या जवळ बसलं की माझेही तळवे कोरडे राहायचे. आणि एकदा दीप्ती शाळेतून आली, पडवीत थांबली, चौकटीला तळवा टेकून क्षणभर उभी राहिली. तिने आबांना पाहिलेलं नाही. कुणी तिला सांगितलेलंही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. पाऊल मी काढलं होतं, माझ्या मुठीने — आणि तरी मी तिथे हात जोडायच्या बेतात होते. माणूस आपल्याच खोट्यापुढे असा वाकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. की दुसरं काही होतं? मला अजून सांगता येत नाही.

दीप्ती कॉलेजात असताना मांय गेली. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन अंथरुणावर आलेलं. तिने खुणेने दीप्तीला जवळ बसवून घेतलं. मग सगळी ताकद लावून सरकली आणि आपलं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. जिने कधी मांडी दिली नाही, तिने मांडी मागितली. “आतां बरें,” म्हणाली, आणि डोळे मिटले. अर्ध्या तासाने श्वास थांबला. तिच्या तोंडावर भीतीची सुरकुतीही नव्हती. मी पायाशी उभी होते. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या नुसत्या आठवणीने मला घाम फुटला, ती माझ्यासमोर घडली आणि ती सुंदर होती. मी थक्क होऊन बघत राहिले. पाढा आठवलाच नाही.

दीप्ती मात्र आपल्या मांडीवरच्या त्या पांढऱ्या केसांना कसा हात लावावा हे न कळून दोन्ही हात वर धरून बसली होती.

दहाव्या संध्याकाळी पीठ मी चाळलं. अकराव्या पहाटे नणंद म्हणाली, माझं वय झालं, आता नातीने उचलावी टोपली. दीप्ती पुढे, मी मागे. तिने टोपली उचलली.

पुन्हा तेच. कोरं, सपाट, पांढरं.

या वेळी मला धाप लागली नाही. मांयच्या चेहऱ्यानंतर मला त्या कोऱ्या पिठाचं भय वाटेना. उलट वाटलं, केवढं शांत आहे हे. याला कशाला कुणाचा ठसा हवा? हेच त्या क्षणी पोरीला सांगायचं होतं. सगळं सांगायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मूठ आपसूक वळली होती, ती मी पदराखाली घेतली.

दीप्ती वाकून बघत होती. मागे न वळता तिने विचारलं, “आबांच्या वेळार खरेंच पाऊल उमटलेलें?”

मरणाची भीती तेव्हा नव्हती. भीती तिची होती. तिने वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं असतं, त्या नजरेची. मी म्हटलं, “होय.”

तिने मान डोलावली. केरसुणी आणून पीठ गोळा केलं, सुपात भरलं. उंबऱ्यापाशी चौकटीला हात टेकून थांबली. “आबांचें उमटलें, आजीचें ना. मागीर आजी माज्याकडे येवची ना,” म्हणाली आणि पीठ माडाच्या मुळाशी टाकायला गेली.

आज ती दोन मुलांची आई आहे. आजीने आपल्याला कधी मांडीवर घेतलं नाही, आणि गेल्यावरही ती आपल्याकडे आली नाही — या दोन्ही गोष्टींवरून ती अजून धरून आहे, की नात म्हणून आपण तिला नकोच होतो.