पालथ्या होडीवरचा ओला रंग

सेंदाईकडच्या एका तळ्यात मी कणकेच्या गोळ्या टाकल्या, हा माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते. तेव्हा मी साठीची तरुण होते, आणि माशांना खाऊ घातल्याचं पुण्य जपानातही खात्यावर जमा होतं अशी माझी ठाम समजूत होती. काठाच्या उथळ पाण्यात बोटभर पिल्लांची झुंबड उडाली होती. मी दुसरी मूठ उचलली, तोच गमबूट घातलेली एक म्हातारी हातातला रंगाचा ब्रश उगारून ओरडत आली.

"काय म्हणते गं?" मी सोबतच्या, जपानी येणाऱ्या लेकीला विचारलं.

"कणीक कुजून पाणी खराब होतं म्हणते. आणि आई, मी सौम्य करून सांगतेय हं!"

म्हातारी होड्या भाड्याने द्यायची. भूकंपात अणुवीज केंद्राचा अपघात झाला, तळ्यातले मासे खायला बंदी आली आणि गळ टाकणारे यायचे थांबले. शेजाऱ्यांनी होड्या विकल्या. ही मात्र दर वसंतात आपल्या रंगवायची. बोलताना सारखी वाकून पाण्यात बघे आणि गालातल्या गालात हसे. अपघातानंतर एवढी पिल्लं तिने पहिल्यांदाच पाहिली होती.

मी कसली शहाणी! ती रंगवत असलेल्या पालथ्या होडीवर वाकून विचारलं, "गिऱ्हाईक नाही, तर रंग कशाला वाया घालवता?"

या वेळी लेकीने काहीच सौम्य केलं नाही.

"ही पिल्लं मोठी होतील, बंदीही उठेल. त्या दिवशी लोकांना होडी कोण देणार? तोवर मला मरायलाही सवड नाही. आता बाजूला व्हा, तुमच्या सावलीत माझा रंग वाळत नाहीये."