ठशांच्या दुकानाचं लायसन

आमच्या ह्यांनी सरकारी नोकरी सोडली तेव्हा कितीतरी दिवस मी भांडी आपटूनच बोलत होते. बोटांच्या ठशांच्या खात्यात ह्यांनी उभी हयात काढली. चोरी झाली की कपाटावर, काचेवर उमटलेला ठसा आणि पकडलेल्या माणसाचा ठसा शेजारीशेजारी ठेवायचा, भिंगातून बघायचं आणि सांगायचं, दोन्ही एकाच बोटाचे आहेत की नाहीत. झालं, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामावर माणसं आत जायची, नाहीतर घरी यायची. नागपूरला बदली आली आणि ह्यांनी सरळ राजीनामा दिला. म्हणाले, बेलापुरात गाळा घेऊ, खासगी काम करू, वकील लोक येतात. मी म्हटलं, कोण येणार आहे डोंबल? ठसे काय कोथिंबिरीसारखे रोज लागतात लोकांना?

बेलापुरात तेव्हा, नव्वद सालानंतरची गोष्ट, इमारती जास्त आणि माणसं कमी. गाळा मिळाला तो एसटीडी बूथ आणि झेरॉक्सच्या मधला. लोक आत डोकावून विचारायचे, पासपोर्ट फोटो कधी मिळतील? हे आपले शांतपणे सांगायचे, शेजारी विचारा. मला असा संताप यायचा! दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा हे टेबलाशी एकटेच बसलेले, समोर भिंगाचा स्टँड आणि पुसून पुसून चकचकीत केलेली काच.

पहिलं खरंखुरं काम आलं ते माझ्याच ओळखीने. शेजारच्या दिवाळे गावची एक कोळीण आमच्या सोसायटीत मासे घेऊन यायची. तिचा लेक पाटी उचलायला बरोबर असायचा. विशीतला, मान खाली घालून चालणारा. बायकांनी भावात घासाघीस केली की हा दुसरीकडे बघायचा. एक दिवस ती एकटीच आली आणि दारातच फतकल मारून बसली.

"ताई, माजे पोऱ्याला पोलिसांनी नेलाय."

नेरुळला एका फ्लॅटमध्ये भरदिवसा चोरी झाली होती. बाथरूमच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या असतात ना, त्या एकेक सरकवून काढलेल्या. त्यातल्या एका पट्टीवर ठसा मिळाला. ती मायलेकरं त्या इमारतीतही मासे विकायला जायची, म्हणून पोराला उचललं, त्याच्या बोटांचे ठसे घेतले आणि सरकारी तज्ज्ञाने लिहून दिलं, ठसा ह्याचाच. दुसरा पुरावा काही नाही. सोनंही सापडलं नाही. सगळी केस त्या एका काचेच्या पट्टीवर.

"तुमचे सायेब ठसे बघतान ना? मंग बघा म्हनावं."

तिच्या वकिलाने कोर्टातून ठशांचे मोठे केलेले फोटो मिळवले आणि आणून दिले. ह्यांची कामाची एक रीत होती. सकाळी बघायचं, निष्कर्ष कागदावर लिहून कागद पालथा ठेवायचा. दुपारी जेवून थोडं पडायचं. मग उठून तेच फोटो उलटे धरायचे, डोकं खाली पाय वर, आणि जणू काही पहिल्यांदाच बघतोय असं पुन्हा पहिल्यापासून बघायचं. दोन्ही वेळचं जुळलं तरच बोलायचं. पूर्वी मला वाटायचं, काय हा वेडेपणा. घरात साधं मीठ कमी आहे का विचारलं तरी हा माणूस "बघावं लागेल" म्हणणार.

ह्या वेळी तीन दिवस तसं चाललं. शेवटी म्हणाले, "सांगता येत नाही."

"म्हणजे? त्याचा नाही?"

"तसं नाही म्हणालो मी. ठसा अर्धवट आहे, घसरलेला आहे. काही रेषा जुळतात. पण त्याचाच आहे असं म्हणण्याएवढं त्यात काही नाही."

"मग सरकारी माणूस चुकला?"

"त्याचंही बरोबर असेल."

आता मला सांगा, ह्यावर माणसाने काय करावं? माझं डोकंच फिरलं. दोघांनी एकच फोटो बघायचा, एक म्हणणार त्याचाच, दुसरा म्हणणार सांगता येत नाही, आणि दोघंही बरोबर? वर तो सरकारी तज्ज्ञ म्हणजे ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. माझ्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन गेलेला, मला वहिनी म्हणणारा. त्याला भिंग कसं धरायचं ते ह्यांनी शिकवलं. मग एकच भिंग दोघांना वेगवेगळं कसं दाखवतं? हे म्हणाले, भिंग दाखवत नाही, माणूस ठरवतो. मी म्हटलं, ठेवा तुमचं तत्त्वज्ञान तुमच्यापाशी, तिकडे तिचं पोर आत बसलंय.

खरा घोळ पुढेच झाला. तिचा वकील अगदी नवा होता, कोट अजून खांद्यावर बसला नव्हता. तो म्हणाला, "काका, समोरचा सरकारी वकील तुम्हाला पहिला प्रश्न विचारणार, तुम्हाला हे काम करायला परवानगी कोणी दिली? मला सनद आहे. डॉक्टरला रजिस्ट्रेशन असतं. तुमचं काय?"

ह्यांनी आपलं परीक्षेचं सर्टिफिकेट काढलं. वकील म्हणाला, ही खात्यातली परीक्षा, तुम्ही खातं सोडलंत. लायसन बघा काहीतरी.

झालं, आमची लायसनची वणवण सुरू. कुतूहल म्हणून मीही बरोबर जायचे. पोलिसांच्या कचेरीत सांगितलं, आम्ही बंदुकीचं लायसन देतो, ठशांचं नाही. कलेक्टरच्या कचेरीत म्हणाले, कायद्याचा विषय आहे, मंत्रालयात जा. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, नोटरी असता तर आमच्याकडे आला असता. मग तुम्ही कोणाकडे येता? म्हटलं, बाई, तेच तर विचारायला आलोय! एका म्हाताऱ्या क्लार्कला आमच्यापेक्षा जास्त धक्का बसला. तो पेन खाली ठेवून म्हणाला, "अहो, वडापावच्या गाडीला लायसन लागतं. तुमच्या शब्दावर माणूस जेलमध्ये जातो, त्याला नाही?" त्याने चारदोन टेबलांवर जाऊन विचारलं. परत आला तो मान हलवतच आला.

मग हे नोकरीत असताना कोणाच्या लायसनवर बघत होते? मी घरी येताना बसमध्ये विचारलं. म्हणाले, तेव्हाही नव्हतंच. नेमणूक होती. म्हणजे खुर्ची होती तोवर डोळे खरे, खुर्ची गेली की डोळे गेले? माणूस तर तोच, मोतीबिंदूसुद्धा अजून झालेला नाही! हे आपले खिडकीबाहेर खाडीकडे बघत बसले. मला तेव्हा ह्यांची फार दया आली. रागही आला, पण कोणावर काढायचा तेच कळेना.

शेवटी झेरॉक्सवाल्याने मार्ग काढला. म्हणाला, "काका, गुमास्ता घ्या ना! गाळा आहे म्हणजे गुमास्ता पायजेच." गुमास्ता म्हणजे दुकानाचं लायसन, किराणावाले फ्रेम करून भिंतीवर लावतात ते. दुकान इन्स्पेक्टर आला. धंदा कोणता लिहू, ह्यावर त्याचं अडलं. ठसे? विकता का? नाही. बनवता? नाही. मग करता काय? बघतो. त्याने कपाळ चोळलं आणि लिहिलं, 'झेरॉक्स, टायपिंग व तत्सम'. साप्ताहिक सुट्टी सोमवार. सुट्टीची पाटी बाहेर लावणं सक्तीचं होतं. त्यामुळे गाळ्यावर बोर्ड झाला: अंगुलिठसे तज्ज्ञ. सोमवारी बंद.

ह्यांना मात्र कोण आनंद! कागदावर सरकारी शिक्का होता ना. इतक्या दिवसांत सरकारने ह्यांना पहिल्यांदाच ओळख दाखवली होती.

साक्षीचा दिवस नेमका सोमवार निघाला. मी कोर्टात मागच्या बाकावर कोळणीशेजारी बसले होते. तिने नवी हिरवी साडी नेसली होती, पदर तोंडात धरलेला. पोरगा पिंजऱ्यात उभा होता, मान तशीच खाली. ठसा त्याचा ठरला तर त्याला काही वर्षं आत काढावी लागणार होती. आईखेरीज घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

सरकारी वकिलाने विचारलंच, "आपल्याला हे काम करण्याचा सरकारी परवाना आहे?"

हे म्हणाले, "आहे." आणि पिशवीतून फ्रेमसकट गुमास्ता काढला.

अगं बाई! मी डोळेच मिटले. वकिलाने तो हातात घेऊन सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असा वाचला. झेरॉक्स, टायपिंग व तत्सम. लोक फिदीफिदी हसायला लागले. वकील म्हणाला, "आज सोमवार. आपलं दुकान बंद असतं. मग आज हे खरं-खोटं करायचं काम कसं चालू ठेवलंत?"

हे तांबडेलाल झाले. पण आमचा तो नवा वकील उठला आणि म्हणाला, "साहेब, सरकारी तज्ज्ञांचा परवाना पण बघायला मिळावा." सरकारी तज्ज्ञ, म्हणजे पिठलं खाऊन गेलेला तो, गडबडला. म्हणाला, मला नेमणुकीचा हुकूम आहे. परवाना? परवाना असा काही नसतो. आमच्या वकिलाने विचारलं, तुमचं काम कोणी तपासतं? वरिष्ठ तपासतात. ह्या ठशाच्या वेळी तपासलं? तेव्हा वरिष्ठांची जागा रिकामी होती, म्हणाला. ती जागा ह्यांची होती, हे त्या सगळ्या कोर्टात फक्त आम्हा तिघांना माहीत. मला हसावं का रडावं कळेना.

मॅजिस्ट्रेट साहेब एकदा ह्यांच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. मग म्हणाले, "आणा ते फोटो इकडे." भिंग मागवलं आणि स्वतःच डोळ्याला लावून बघायला बसले. बघताहेत, बघताहेत. मध्येच त्यांनी फोटो उलटा धरला, तेव्हा ह्यांनी माझा हात... नाही, हे तर पुढे होते, मीच कोळणीचा हात घट्ट धरला. मला मनात येत होतं, आता ह्या मॅजिस्ट्रेट साहेबांना तरी हे बघायला शिकवलं कोणी?

निकाल नंतरच्या तारखेला लागला. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडण्यात येत आहे. वकिलाने पेढे वाटले. झेरॉक्सवाल्याने ह्यांच्या गळ्यात हार घातला. मीसुद्धा त्या दिवशी भांडी आपटली नाहीत, शिरा केला.

कोळीण मात्र बरेच दिवस आली नाही. मला वाटलं, काम झालं, आता कशाला येते? मग एका दुपारी आली. पाटी नव्हती, हातात पानात बांधलेली पापलेटं होती. हे झोपून उठले होते, चहा घेत होते. मी म्हटलं, आत ये गं. ती उंबऱ्यापाशीच बसली. हे थोडे सावरून बसले, आता ही आभार मानणार म्हणून.

ती म्हणाली, "सायेब, येक इचारू? तो ठसा माजे पोऱ्याचा व्हता का नव्हता?"

ह्यांनी कप खाली ठेवला. "बाई, मी कोर्टात सांगितलं ना, सांगता येत नाही."

"कोरटात सांगितला त्यो आयकला मी. आता मना सांगा. हितं कोन नाय."

"मला खरंच माहीत नाही."

"तो माजी शपथ घेतंय, मी नाय केला म्हनतंय. मी म्हनतंय, हां बाबा, नाय केला." ती थांबली. "पन तो जेवाया बसला ना, का मी त्याचे तोंडाकडं नाय बघत. हाताकडं बघतंय. घास उचलतो ती बोटं बघतंय. त्याला बी समजलाय. आता तो माजे समोर जेवत नाय, ताट घेऊन भायेर जातो."

मी तिच्या हातातली पापलेटं घेऊन बाजूला ठेवली.

"तो दुसरा सायेब म्हनला त्याचाच. तुमी म्हनता सांगता येत नाय. त्यो मोठा सायेब म्हनला संशय. तुमचे सगल्यांचे वर कोन हाय? त्याला जाऊन इचारतंय मी."

"वर कोणी नाही," हे म्हणाले.

"आसा कसा? कोनतरी आसंलच."

"नाही, बाई. आम्ही शोधलं."

तिला ते पटलं नाही. ती उठली, साडी झटकली आणि मला म्हणाली, "ताई, त्या दुसऱ्या सायेबाचं आफिस कुठं हाय? कनची बस जाते?"

हे उभेच राहिले. "त्याच्याकडे कशाला जातेस? अगं, तो 'तुझ्या मुलाचाच' म्हणेल!"

"म्हनू दे," ती म्हणाली. "कोनतरी सांगंल तरी."

मी तिला बसचा नंबर सांगितला. कुठे उतरायचं तेही सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले, पण मला राहवलं नाही, आणि खरं सांगायचं तर चपला घालून तिच्याबरोबर जावं असं मलाही वाटत होतं.