अर्ध्या भिंतींची बराक

नेरच्या रस्त्यावरच्या आमच्या बराकीत आता कोण राहतं, असं कुणी विचारलं की मी सांगते, खुर्च्या राहतात. बिछायतवाल्याने लग्नाच्या खुर्च्या आणि कनाती तिथे रचून ठेवल्या आहेत.

आधी तिथे गोऱ्यांची पलटण होती म्हणे. मग सरकीची पोती आली, मग पटकीचे रोगी. सगळ्यांचं वापरून झाल्यावर जिनिंगच्या मालकाने ती घेतली, मधे पुरुषभर उंचीच्या भिंती घातल्या आणि आम्हा मजुरांना खोल्या दिल्या. छत मात्र पलटणीचंच राहिलं, उंच आणि सगळ्यांचं एक. एका टोकाला कुणी कुजबुजलं तर दुसऱ्या टोकाला कळायचं.

म्हणून बराकीचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या खोलीतलं ऐकायचं नाही. आलंच कानावर तर तोंडातून काढायचं नाही. एका सुनेला नवरा मारायचा. सगळी बराक ऐकायची आणि सकाळी नळावर तिला विचारायची, पाणी आलं का? शेजारच्या काकूने एकदा आमच्या घरातलं भांडण बाहेर बोलून दाखवलं, तर आईने तिला सगळ्यांदेखत झापलं, "भिंत छतापर्यंत हाय असं समज अन् गप राह्य." काकू पुन्हा कधी चुकली नाही.

आईच्या छातीत अधूनमधून दुखायचं. त्या दिवशी मी कळंबला कामावर गेले होते. संध्याकाळी परतले तर आई चुलीजवळ आडवी पडलेली, गार. माझी किंकाळी ऐकून काकू आली आणि दारातच थांबली.

"दुपारी कण्हत होती," ती खाली बघत म्हणाली. "मंग आवाज बंद झाला. मले वाटलं, झोप लागली असंन."

"मग आली काहून नाही?"

"तुह्या मायनंच तं सांगतलं होतं. हाक मारली असती तं धावत आली असती, बाई."

मला काकूचा भयंकर राग आला. आजही येतो, आणि तो खोटा आहे हेही कळतं. आईने हाक का मारली नाही ते मी तिला कधी सांगितलं नाही. ती यायच्या आत मी आईच्या तोंडातला पदराचा बोळा काढला होता.